आधी दात का गेले, ते बघू

पत्राचा सारांश: वय ५६, मधुमेह, गोळ्या चालू. खालच्या उजव्या बाजूची एक दाढ दहा वर्षांपूर्वी किडली म्हणून काढली. गेल्या वर्षभरात तिच्या मागची दाढ आणि पुढची छोटी दाढ 'हलायला लागल्या, म्हणून त्याही काढल्या'. खालचे पुढचे दोन दात आता थोडे हलतात. काढती-घालती कवळी करून घेतली होती, पण टोचते म्हणून ती खणात डबीत पडून आहे. एका डॉक्टरांनी उजवीकडे दोन इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे धातूचे स्क्रू) आणि त्यांवर तीन दातांचा ब्रिज (एकमेकांना जोडलेले दात) सुचवला. दुसरे म्हणाले, खालचे उरलेले सगळे दात काढू, चार इम्प्लांटवर पूर्ण फिक्स दात बसवू, रोजची कटकटच संपेल. यजमानांचं म्हणणं, या वयात एवढा खर्च कशाला, कवळीची सवय कर. मुलगी म्हणते, आई, एकदाचं करून टाक. पत्राच्या शेवटी त्या लिहितात : "हसताना हात आपोआप तोंडावर जातो. हाडात स्क्रू घालायची भीती वाटते. पण इम्प्लांट एकदा बसले की कायमचे, कीड नाही, दुखणं नाही, असं सगळे म्हणतात. मग सगळेच दात काढून टाकावेत का?"

ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडकले ती मधल्याच एका वाक्याशी. 'हलायला लागल्या, म्हणून त्याही काढल्या.' पिकलं पान गळावं तितक्या सहज तुम्ही ते लिहून गेलात. दात असे गळत नाहीत. नुसतं वय झालं म्हणून तर नाहीच नाही.

तुमचा पहिला दात किडून गेला आणि नंतरचे दोन हलून गेले. हे दोन वेगळे आजार आहेत. कीड दाताला पोखरते. भोवतालचं हाड बहुधा शाबूत असतं. दात हलतो तेव्हा तो स्वतः अनेकदा धडधाकट असतो, पण ज्या हाडात तो रोवलेला आहे तेच विरत चाललेलं असतं. बोलीत याला पायोरिया म्हणतात. हिरडीच्या कडेशी साचलेला थर, त्याचा पुढे दगडासारखा होणारा टार्टर, त्यातले जंतू आणि त्यांच्याशी झुंजताना शरीरानंच ओढवून घेतलेली सूज, या सगळ्यांत हाड वर्षानुवर्षं खाली खाली जातं. बहुतेकदा दुखत नाही, हीच या आजाराची लबाडी. मधुमेह असला की तो जोर धरतो, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही लवकर ताब्यात येत नाही. दोघांचं चांगलंच संगनमत असतं.

पुढचे दोन दात आता हलतायत, म्हणजे हा पाहुणा अजून घरातच आहे. मग त्याच तोंडात, त्याच हाडात बसवलेला स्क्रू तेवढा तो सोडून देईल, असं कसं धरून चालायचं?

'इम्प्लांटला कीड लागत नाही' हे अगदी खरं आहे, टायटॅनियम किडत नाही. पण तुमचे शेवटचे दोन दात तरी किडीनं कुठे गेले? इम्प्लांटभोवतीचं हाडही जंतूंमुळे झिजतं. डॉक्टर त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसलेले असतात आणि ते त्याला धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती हिरडी नुसती कॉलरसारखी वेढून बसते. जंतूंना आत उतरायची वाट सोपी, आणि बोंब मारायला आत नस नाही. ज्यांचे दात हिरड्यांच्या आजारानं गेले, त्यांच्यात हा त्रास जास्त दिसतो. आजार आटोक्यात न आणताच इम्प्लांट बसवले तर आणखी जास्त.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचवीस वर्षं मी दवाखान्यात त्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिले. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांना दोन इम्प्लांट बसवले. हिरड्यांतून रक्त येत होतं, तंबाखू चालू होती. 'बसवल्यावर सोडतो' म्हणाले आणि मीही मान डोलावली. हाड छान धरलं, दात सुरेख दिसले, त्यांनी चार माणसं माझ्याकडे पाठवली. चौथ्या वर्षी ते आले तेव्हा दोन्ही इम्प्लांट बोटानं हलत होते. मी ते चिमटा न लावता नुसते उलटे फिरवून बाहेर काढले. दोन्ही स्क्रू पुढे बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होते. नवा पेशंट फार घाई करू लागला की मी खण उघडायची.

म्हणून मी इम्प्लांटच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. दात गेल्यावर त्या जागी बसवायच्या गोष्टींत इतकी चांगली दुसरी गोष्ट माझ्या कारकिर्दीत मी पाहिली नाही. तिचा शोधही गमतीचा आहे. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून आतलं रक्त कसं वाहतं ते बघत होते. काम झाल्यावर उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये योस्ता लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर त्या इम्प्लांटांनी त्यांना साथ दिली होती. चाळीस वर्षांहून जास्त! तेव्हा 'कायमचे' हा शब्द अगदीच हवेतला नाही. दहा वर्षांनी शंभरातले ९० हून अधिक इम्प्लांट जागेवर असतात. पण 'जागेवर असणं' आणि 'निरोगी असणं' यांत फरक आहे, आणि जाहिरातीत नेहमी पहिलाच आकडा असतो. शिवाय हाडातला स्क्रू टिकला तरी वरच्या दाताचा टवका उडतो, आतला बारीक स्क्रू सैल होतो. या दुरुस्त्या धरून चालायच्या.

आता ते 'सगळेच काढून टाका'. अक्कलदाढा सोडल्या तर खालच्या जबड्यात १४ दात असतात. तुमचे तीन गेले, उरले ११. त्यांतले दोन हलतायत. म्हणजे पत्रावरून तरी नऊ दात आपापल्या जागी घट्ट उभे आहेत. त्यांचा गुन्हा काय? चार इम्प्लांटवर पूर्ण जबडा बसवणं ही उत्तम पद्धत आहे, पण ज्याचा एकही दात वाचण्यासारखा उरलेला नाही त्याच्यासाठी. त्यात पुष्कळदा नव्या दातांना जागा करायला जबड्याचं हाडही वरून घासून कमी करावं लागतं. ते परत येत नाही. चारांतला एक इम्प्लांट गेला की सगळा डोलारा अडचणीत येतो. आणि 'रोजची कटकट संपेल' म्हणजे नेमकी कुठली कटकट? घासण्याची? ती संपत नाहीच. त्या अखंड पट्टीखाली, हिरडीला टेकून, अन्नाचे कण जाऊन बसतात. तिथे खास दोरा किंवा पाण्याचा फवारा घालून रोज साफ करावं लागतं, आणि अधूनमधून डॉक्टरांनी सगळी पट्टी उघडून बघावी लागते. ज्या हातांना ११ दात साफ ठेवायचा कंटाळा आला, त्यांना हे जास्त सोपं वाटेल असं मला वाटत नाही. (रागावू नका, हे तुम्हाला उद्देशून नाही, मीही रात्री कंटाळा करते.)

खऱ्या दातात आणखी एक गोष्ट असते, ती गेल्यावरच कळते. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मधे पाव मिलिमीटरही जाड नसलेली तंतूंची एक गादी असते. केसाएवढी कच दाताखाली आली तरी आपल्याला कळतं, ते तिच्यामुळे. इम्प्लांटला गादी नाही. मला स्वतःला खाली डावीकडे एक आहे. दाढेचं मूळ उभं चिरलं, वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिले काही आठवडे मी दुसऱ्याच कुणाच्या तरी दातानं चावतेय असं वाटायचं. वरचा दात टेकला की 'टक' असा कोरडा आवाज डोक्यात घुमायचा. आता सवय झाली. पण एकाची सवय होणं वेगळं आणि अख्ख्या जबड्याची संवेदना हौसेनं देऊन टाकणं वेगळं.

मग तुम्ही करायचं काय? माझ्या मते क्रम बदला. आधी हिरड्या, मग साखर, मग दात.

दंतवैद्यांकडे जाऊन प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजून कागदावर मागा. बारीक खुणा केलेली काडी हिरडी आणि दाताच्या मधे घालून हे मोजतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ५, ६, ७ असे आकडे आणि सोबत रक्त, म्हणजे आजार चालू आहे. मग भूल देऊन मुळांपर्यंत खोल सफाई करतात. गेलेलं हाड यानं सहसा परत येत नाही, पण उरलेलं वाचतं. सूज उतरली की हिरडी खाली बसते, दात लांब दिसतात, फटी उघडतात, थंड झोंबतं. पुष्कळ जण इथेच घाबरतात, 'साफ केल्यामुळे दात सुटले' म्हणतात आणि पुन्हा जात नाहीत. दात सुटलेले नसतात; सुजेनं झाकलेलं उघडं पडलेलं असतं. तुमचे पुढचे दोन दात थोडेच हलत असतील, तर सफाईनंतर ते कदाचित सावरतील. नाहीच सावरले तर मागच्या बाजूनं बारीक तार लावून शेजाऱ्यांना बांधता येतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी होते. तो दुसरा कागद हातात आल्याशिवाय इम्प्लांटची तारीख घेऊ नका.

मधल्या काळात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) करून घ्या. आकडा ७ टक्क्यांच्या आसपास असला तर डॉक्टर सहसा पुढे जातात. ८ च्या बराच वर असला तर आधी साखर आणा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या वयाच्या बायकांसाठी अजून एक : हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, तर दंतवैद्यांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा. त्यातल्या काही औषधांवर असताना दात काढला किंवा हाडात काम केलं, तर जखम भरून न येण्याचा धोका असतो. पण आपल्या मनानं ती बंद करू नका. दंतवैद्य आणि ती औषधं देणारे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलू द्या.

एवढं झाल्यावर पहिल्या डॉक्टरांची योजना मला पटते. उजवीकडे रिकाम्या जागेच्या मागे आधाराला दातच नाही, त्यामुळे शेजारचे दात घासून करतात तो साधा ब्रिज तिथे नीट बसत नाही. उरतात दोनच वाटा, काढती कवळी किंवा इम्प्लांट. तरी एक विचारून बघा, तिन्ही दात लावायलाच हवेत का? नेदरलँड्समधल्या नायमेगन इथले दंतसंशोधक आर्न्ड कायझर यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं, की मागच्या काही दाढा नसल्या तरी वरच्या-खालच्या दातांच्या पुरेशा जोड्या एकमेकींवर टेकत असतील तर माणसाचं चावण्याचं काम भागतं. सगळ्यात मागच्या दाढेचा नाद सोडून पुढच्या दोनच जागा भरल्या तर तुम्हाला पुरेल का, हे वरचे दात बघून डॉक्टर सांगतील. दंतवैद्य रिकामी जागा दिसली की भरायला बघतात. मीही त्यातलीच, म्हणून सांगते.

ही वाट धरलीत तर थ्री-डी स्कॅनचा आग्रह धरा. खालच्या जबड्याच्या आतून ओठाला संवेदना देणारी नस जाते. इम्प्लांटचं टोक आणि ती नस यांत किमान २ मिलिमीटर अंतर ठेवतात, आणि साध्या एक्स-रेवर हाडाची रुंदी दिसतच नाही. तुमची मधली जागा दहा वर्षं रिकामी आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं घटते. तेव्हा हाड भरावं लागेल असं कुणी म्हणालं, तर ते पैसे काढायचं निमित्त आहे असं लगेच समजू नका. स्कॅन पडद्यावर उघडून दाखवा म्हणा. वरचा दात इम्प्लांटवर सिमेंटनं चिकटवणार की स्क्रूनं आवळणार, तेही विचारा. स्क्रूचा असला तर पुढे उघडून दुरुस्त करता येतो; सिमेंटचा राहिलेला एखादा कण हिरडीखाली गेला तर वर्षानुवर्षं त्रास देतो. इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड घ्या आणि जपून ठेवा. उद्या हे डॉक्टर निवृत्त झाले, तर पुढच्याला कुठला पाना लावायचा ते त्यावरून कळेल.

भीतीबद्दल लिहिलंय तुम्ही. भीती कशाची वाटते हे नेमकं माहीत असलं की ती थोडी आटोक्यात येते. इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब, म्हणजे जवळपास करंगळीच्या नखाएवढा. दात काढताना देतात तीच भूल. मग आधी बारीक, मग जरा जाड, असं पायरीपायरीनं भोक मोठं करतात, आणि सतत थंड सलाइन सोडतात, कारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी हाडाच्या पेशी मरतात. म्हणून चांगला डॉक्टर इथे अजिबात घाई करत नाही. तुम्हाला दाब जाणवेल, थरथर जाणवेल, पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज फार वाटेल. दुखायला नको, दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देतात. खरं सांगू? माझी ती चिरलेली दाढ काढणं इम्प्लांट बसवण्यापेक्षा जास्त जड गेलं. नंतर दोन-तीन दिवस सूज, मऊ खाणं, आठवड्या-दहा दिवसांनी टाके, आणि मग हाड धरेपर्यंत साधारण तीन महिने थांबणं. कंटाळा येतो तो या थांबण्याचा.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खर्च मोठा आहे, आणि कवळीनंही माणसं वर्षानुवर्षं व्यवस्थित जेवतात. 'या वयात' मात्र चूक. इम्प्लांटला वयाची वरची मर्यादा नाही. खालची आहे : जबड्याची वाढ पुरी होण्याआधी बसवला तर शेजारचे दात वाढत राहतात आणि तो मागे पडतो. म्हणून पडून पुढचा दात गमावलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या आईबापांना मी थांबायला सांगते. लेकीला सांगा, 'एकदाचं' असं यात काही नाही. दर सहा महिन्यांनी, तुमच्या बाबतीत कदाचित तीन-चार महिन्यांनी, तपासणी आणि सफाई आहेच. योजनेचा खर्च विचारताना हाही धरून विचारा.

तुमच्यासारखंच विचारणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. दोन निरोगी दातांमधला एकच दात गेला असेल, तर चांगले शेजारी घासण्यापेक्षा इम्प्लांट बरा. सगळेच दात गेलेत आणि खालची कवळी बोलताना उडते, अशा वडीलधाऱ्यांना पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते. थोड्या खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. सिगारेट-तंबाखूवाल्यांनी आधी ती सोडावी. माझा तो खण आठवा.

शेवटी एक विचारते. आज रात्री दार लावून आरशासमोर मोकळं हसा. तुमच्या गेलेल्या दाढा खाली, उजवीकडे, मागे आहेत. बहुतेकांच्या हसण्यात त्या दिसतच नाहीत. मग हात तोंडावर कशासाठी जातो? पुढच्या हलणाऱ्या दातांत फट पडली आहे म्हणून? तोंडाला वास येत असेल अशी धास्ती वाटते म्हणून? दोन्ही हिरड्यांच्या आजाराचीच लक्षणं आहेत, आणि मागे कितीही महागडे इम्प्लांट बसवले तरी तो हात खाली येणार नाही. उत्तर सापडलं की दंतवैद्यांना पहिलं तेच सांगा, दाढांचं नंतर.

आणि जाताना कवळीची ती डबी सोबत न्या. दात काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हिरडीचा आकार झपाट्यानं बदलतो. त्या आधी केलेली कवळी टोचणारच, त्यात तुमची किंवा ती करणाऱ्याची चूक असेलच असं नाही. टोचणारी जागा खूण करून घासतात, आतून नवा थर देतात. इम्प्लांट होईपर्यंतचे महिने तिच्यावर निघू शकतात. डबीत पाणी आहे का, तेही आजच बघा. कोरडी राहिली की तिचा आकार बिघडतो.